आबांची पाळी आणि माझी

आमच्या घरात पाळी म्हटलं की एकच. कालव्याची.

निरवांगीत आमचा ऊस आहे, आणि तो कालव्याच्या अगदी शेपटाला आहे. वरच्या सगळ्या गावांचं भागलं की उरलंसुरलं पाणी आमच्या फाट्याला येतं. पाटकरी सांगेल त्या दिवशी ज्याचं त्यानं पाणी घ्यायचं, ती त्याची पाळी. चुकली की गेली, मग पुढच्या खेपेपर्यंत उसाकडं बघत बसायचं. माझे सासरे दत्तोबा, म्हणजे आख्ख्या वस्तीचे आबा, यांनी जन्मात एकही पाळी चुकवली नाही. सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी पाळी आल्याचा निरोप आला, तर हा माणूस फेटा बांधलेला तसा खोरं घेऊन रानात दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यानं पाणी वळवायला, गेला. परत आला तेव्हा वऱ्हाड निघून गेलं होतं. आणि बांधावरून थेंब पलीकडं जाऊ द्यायचा नाही, कारण पलीकडं महिपतीचं रान आहे. महिपती तसा चांगला माणूस आहे, पण आबांच्या मते आबांचं पाणी प्यायच्या लायकीचा नाही.

माझं नाव छकुली. लाडाचं नाही, शाळेच्या दाखल्यावरचंच. वडिलांना वाटलं, पोरगी कायम एवढीच राहणार. आता वजनकाटा माझ्या पायाखाली कण्हतो आणि नाव छकुली! माहेर काटेवाडी, कॉलेज बारामतीला, त्यामुळं माझ्या तोंडात एरवी 'आहे' असतं आणि चिडले की 'हाय'. आणि मी चिडते. पटकन चिडते, भांडी आपटते, मग भांड्याला पोचा आला म्हणून परत चिडते.

तर लग्नाला पाच वर्षं झाली आणि माझी स्वतःची पाळी पण शेपटालाच. आली तर आली. कधी तीन महिने पत्ता नाही, कधी चार महिने, आणि आली की महापूर. बारामतीच्या सोनोग्राफीत निघालं पीसीओडी. पाळी येत नव्हती तेव्हा दरवेळी जीव वर-खाली व्हायचा, आता तरी असेल का काहीतरी? मग मेडिकलमधून ती पट्टी आणायची, मोरीत कोंडून घ्यायचं आणि एकच रेघ बघून बाहेर यायचं. मला मूल हवं होतं. घराला हवं होतं म्हणून नाही, मला स्वतःला हवं होतं, खूप हवं होतं. हे मी कुणाला बोलत नव्हते, भांड्यांना सांगत होते.

शेजारची धोंडाबाई दिसली की विचारणार, "काय गं छकुले, गोड बातमी कधी?"

आणि माझ्या सासूबाई शकुबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या स्वभावानं लोणी. पण त्यांचं सगळं प्रेम तुपात तळून पाकात बुडवून येतं. "कूस उजवायची तर अंगात ताकद पायजे," म्हणून डिंकाचे लाडू. नवस बोलला म्हणून शिरा. नवस फेडायचा राहिला म्हणून परत शिरा. कारखान्याची सभासदांची साखर घरात पोत्यानं, आणि चहा म्हणजे आमच्याकडं साखरेला आंघोळ. गोड बातमीसाठी मी इतकं गोड खाल्लं की शेवटी बातमी सोडून सगळं गोड झालं.

संक्रांतीच्या आधी राजवर्धन, म्हणजे आमचे हे, मला नव्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. परवीन मॅडम बारामतीतल्याच, वडिलांचं भुसारचं दुकान. बोलणं एकदम तराजूत घातल्यासारखं. सोनोग्राफी पुढं धरून म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं गाठी आहेत म्हणून? गाठी नाहीत या. ही बियाणं आहेत, अर्धवट वाढून थांबलेली. एकही पूर्ण पिकत नाही, बाहेर पडत नाही, म्हणून पाळी नाही आणि म्हणून दिवसही राहत नाहीत."

"मग काय खत-बित?" आमचे हे म्हणाले. इंदापूरला यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, पण डोकं शेतकऱ्याचंच.

"खत जास्तच झालंय," मॅडम म्हणाल्या. "दिवसाला चहा किती?"

आम्ही दोघं मोजायला लागलो. मोजता मोजता मला हसू आलं, मग यांना आलं, मॅडमना काही आलं नाही.

"झोपता कधी?"

"विहिरीवरच्या मोटारीला लाईट रात्रीची असती," हे म्हणाले. "मी उठलो की ही उठते. मग चहा होतो."

"चालणं?"

"गाडी हाय की," परत हेच म्हणाले.

"पिण्याचं पाणी कशात साठवता?"

यावर हे एकदम खुशीत आले. आबांनी तणनाशकाचे रिकामे कॅन कसे तीन-तीनदा धुऊन ठेवलेत, ते कसे मजबूत, बुचसुद्धा गळत नाही, सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ते कॅन आज घरातून गेले पाहिजेत," त्या म्हणाल्या. "कुठल्या रसायनानं नेमकं किती बिघडतं हे मी छातीठोक सांगणार नाही, पण अशी औषधं शरीरातल्या हार्मोनच्या कामात लुडबुड करू शकतात. आणि हिच्या शरीरात आधीच गोंधळ आहे." मग माझ्याकडं वळल्या. "हे बघ, यात तुझी चूक नाही. काहींच्या अंगातच तो कल असतो, बारीक बायकांनाही होतो. पण तुझ्या बाबतीत वजन, गोड, झोप, चालणं, घरातली विषं, एवढं आपल्या हातात आहे. थोडं वजन उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी आपली आपण सुरू होते. दिवाळीपर्यंत करून बघू. नाही जमलं तर पुढं इंजेक्शनं आहेत, टेस्ट ट्यूब आहे, त्यात लाज काही नाही. पण आधी मला तुझी पाळी गोळीशिवाय आलेली बघायचीय."

मलाही बघायची होती. त्याच दिवशी मी ठरवलं, गोळीनं ओढून आणलेली नको, माझी मला आलेली हवी. दिवाळीपर्यंत. यांचीपण तपासणी झाली. हे लाजून इतके लाल झाले की नर्सनं आधी ताप बघितला. रिपोर्ट चांगला आला आणि तेव्हापासून हे छाती काढून चालतात.

घरी सांगायचं काय, हा प्रश्न होता. आबांसमोर असलं कोण बोलणार? पण मग आमच्या लक्षात आलं की या घरात पाळीवर दिवसरात्र मोकळेपणानं बोलता येतं! दुपारी दुकानातून यांचा फोन यायचा, मी कणीक मळत असायचे म्हणून स्पीकरवर.

"पाळी आली का?"

"नाही अजून."

बाहेर बाजेवर आबा, "बरूबर हाय, अजून वरच्या गावांचं व्हायचंय. पोराला काळजी हाय रानाची."

मला हसू आवरेना. कणकेत तोंड घालायची पाळी आली. ही तिसरी पाळी.

पण बाकीचं सोपं नव्हतं. संक्रांतीला धोंडाबाईचा तिळगूळ मी हातात घेतला आणि तोंडात घातला नाही, तर तिनं वस्तीभर सांगितलं की छकुलीनं माझ्याशी उभा दावा मांडलाय. बिनसाखरेचा चहा केला तर आत्यांनी डोळ्याला पदर लावला. "लोक म्हणतील, सुनेला साखर घालत न्हायती. सभासदाच्या घरात!" एकदा त्यांनी मी पाठ फिरवल्यावर माझ्या कपात दोन चमचे टाकले. मी एक घोट घेतला, कप घेऊन परसात गेले आणि ओतला जास्वंदीच्या बुडात. "आत्या, परत टाकलीत तर मी काटेवाडीला निघून जाईन," असं ओरडलेपण. त्यावर आत्या म्हणाल्या, "जा की, पण लाडू घेऊन जा." अशा माणसाशी भांडणार कसं?

कॅन काही हलले नाहीत. आबा म्हणाले, "इतकी वर्सं पितोय, मला काय झालं?" मी म्हणाले, "आबा, तुमाला पाळीचा तरास न्हाय ना!" आबा म्हणाले, "मला न्हाय तर कुणाला हाय?" मी माझ्यापुरता मातीचा डेरा आणला आणि स्वयंपाकघरात ठेवला.

झोपेचा बंदोबस्त यांनी केला, मोबाईलवरनं मोटार चालू-बंद करायचा स्टार्टर बसवला. राहिलं चालणं. तेवढ्यासाठी मी पहाट सरली की कालव्याच्या भरावावरून निघायचे, साडी खोचलेली आणि पायात यांचे बूट. धोंडाबाईनं पहिल्याच आठवड्यात बातमी पसरवली की दत्तोबाची सून रोज कालव्यावर जाती, जीव द्यायला, पण पाणी नसल्यामुळं परत येती. आत्या घाबरल्या. आबा मात्र खूश झाले.

"जातीस तर वरच्या दाराकडं बघत जा पोरी. पाणी कुठवर आलंय ते येऊन सांगत जा."

झालं! मी कालव्याची हेर झाले. रोज घामानं निथळत परत यायचं आणि अंगणात उभं राहून आबांना सांगायचं, नाही आली, नाही आली, वर खडखडाट आहे. हळूहळू वस्तीतले सगळेच मला विचारायला लागले. महिपती तर बांधावरनं हाक मारायचा, "सूनबाई, पाळीचं काय?" आणि मी म्हणायचे, "वाट बघतेय दाजी!" खरंच बघत होते. चाल वाढत गेली, बूट सैल वाटायला लागले, मग साडीची पिन पुढं सरकली. एक दिवस वजनकाटा कण्हला नाही, तेव्हा मी त्याचा मुका घेतला.

आंब्याचे दिवस होते. सकाळी चालून आले, मोरीत गेले आणि बघितलं तर आलेली! गोळी नाही, इंजेक्शन नाही, कुणी बोलावलेलं नाही. मला आधी खरंच वाटेना. मग आनंदानं असं काही भरून आलं की मी मोरीच्या दारातूनच बोंब ठोकली. बाहेर हे गाडीला किक मारत होते ना, त्यांच्यासाठी.

"अहो! आली! पाळी आली! आपली आपण आली!"

यांची किक तशीच हवेत राहिली. पण लिंबाखाली आबा दाढी करत बसले होते, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

"आपली आपण?" आबा वस्तरा टाकून उठले. "पाटकऱ्यानं न सांगता? राज्या, खोरं काढ!"

आणि एका गालाला फेस तसाच, आबा निघाले. नुसते निघाले नाहीत, "पाळी आली रंऽऽ" करत निघाले. महिपती घरातून अर्धी भाकरी हातात धरून पळाला. दोन-चार पोरंसोरं, त्यांच्या मागं बाया, धोंडाबाई तर हातात लाटणं घेऊन. मी मोरीच्या दाराआड, हे गाडीच्या आड, आणि आमच्या दोघांच्या मधे आत्या, सारखं यांच्या तोंडाकडं आणि माझ्या तोंडाकडं बघत. मी तोंडावर हात दाबून हसत होते, आणि डोळ्यातनं पाणी वाहत होतं.

फाट्यावर काय झालं ते मला नंतर कळलं. पाण्याची चारी खडखडीत कोरडी आणि दाऱ्याच्या तोंडाशी महिपतीचं कुत्रं झोपलेलं. महिपती म्हणाला, "आबानंच सकाळी उठून पाणी वळवलं असणार!" आबा म्हणाले, "वळवून काय गडवाभर पिलो व्हय?" मग आबांनी पाटकऱ्याला फोन लावून असं झाडलं, असं झाडलं! तो बिचारा म्हणत होता, "आबा, अवो वरनं अजून तारीखच न्हाय आली."

सगळी वरात परत आमच्या अंगणात. आबांचा फेस वाळलेला, आवाज तापलेला.

"कुणी सांगितलं पाळी आली?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी यांच्याकडं बघितलं. यांनी गाडीच्या चाकाची हवा बघितली. तेवढ्यात आत्या पायरी उतरल्या. त्यांना कळलं होतं.

"अवो, तुमची न्हाय. तिची आली."

"तिची कंची?" आबा ओरडले. "तिच्या नावावर कुठं रान हाय?"

"अवो, बाईमाणसाची!"

अंगणात इतकं शांत झालं की लिंबावरचा कावळा खाली बघायला लागला. महिपतीनं उरलेली भाकरी एकदम तोंडात कोंबली. आबांचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं, फेस होता तो भाग सोडून.

आणि धोंडाबाई बोललीच. "आन त्यात बोंबलायचं काय येवढं? पाळी आली म्हंजे पोर न्हाय. त्याचा आनंद व्हय हिला? वांझपणाचा?"

मग मात्र माझं टाळकं सरकलं.

"व्हय, हाय आनंद!" मी म्हणाले. "पाच वर्सं मी मोरीत कोंडून घेऊन रडतीया, तुमाला म्हाईत हाय? माझं बी पिकतच न्हाय, म्हणून पाळी येत न्हाय, म्हणून पोर न्हाय. आज पहिल्यांदा औषधाशिवाय आली. म्हंजे माझ्या अंगात काहीतरी जागं झालंय. तुमी गोड बातमी गोड बातमी करत माझ्या हातात लाडू दिले, मी ते खाल्ले, आन त्यानं अजून बिघडलं. साखर सोडली तर मी तुसडी, चालायला लागले तर जीव द्यायला निघाले. आन त्या कॅनातलं पाणी अजून बी सगळं घर पितंय! मला पोर पायजे, आत्या. मला लई पायजे. म्हणून मी बोंबलले, आन पुढच्या महिन्यात आली तर परत बोंबलणार!"

बोलून झालं आणि मला धाप लागली. आता काय होणार म्हणून मी पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले. आत्यांनी येऊन माझा हात धरला.

"धोंडे, घरी जा," आत्या म्हणाल्या. "आन ह्यापुढं आमच्या पोरीला काय बी इचारायचं न्हाय."

लोण्यासारखी माझी सासू असं बोलू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. आबा तसेच अर्ध्या दाढीनं रानात निघून गेले. थोड्या वेळानं गोठ्यामागून खाडखाड आवाज यायला लागला. जाऊन बघते तर आबा कुऱ्हाड घेऊन एकेक कॅन फोडत होते. मला बघून म्हणाले, "गळत व्हते," आणि पुढचा फोडला.

दुसऱ्या दिवशी मोठा स्टीलचा पिंप आला. फवारणीला जाताना तोंडाला फडकं आलं, आणि फवारणीचे कपडे घरात यायचे बंद झाले. आत्यांनी स्वतःचा चहापण बिनसाखरेचा केला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "भांडं इसळल्यागत लागतंय, पर पिते." आणि हे? यांनी पेढे वाटायचे ते भिगवणला नेऊन मला मासे खाऊ घातले. गोड नाही म्हटल्यावर काहीतरी झणझणीत पाहिजे ना! मॅडमनी मासे चालतील म्हटलं होतं, पण चिलापीचे दोन मासे एकटीनं, हे काही त्यांना सांगितलं नाही. हॉटेलवाल्यानं विचारलं, काय विशेष? हे म्हणाले, "पाळी आली." तो म्हणाला, "बरं झालं, यंदा पाणी कमीच हाय." मला असा ठसका लागला की त्यानं धावत पाणी आणलं.

एक गोष्ट मात्र कायमची बदलली. आबांनी तो शब्द टाकला. पेपरात वाचलेलं सरकारी नाव त्यांनी धरलं, आवर्तन. "आवर्तन कवा हाय?" "आवंदा आवर्तन लांबलं." जीभ अडखळायची, पण पाळी म्हणायचे नाहीत. महिपती मुद्दाम बांधावरनं ओरडायचा, "आबा, तुमची पाळी कवाची?" आणि आबा कानाला फडकं बांधल्यासारखे पुढं निघून जायचे.

माझी मात्र येत राहिली. आखाडात आली, गौरी-गणपतीच्या आधी आली, थोडी पुढं-मागं, पण वाट चुकली नाही. मी बोंबलत नव्हते, पण आत्यांना आपोआप कळायचं, आणि त्या यांना डोळ्यानं सांगायच्या, आणि हे शीळ वाजवायचे. परवीन मॅडम म्हणाल्या, "छान चाललंय. आता घाई करू नको, आणि काही वाटलं तर तपासल्याशिवाय गाव गोळा करू नको." त्यांना कुणी काय सांगितलं होतं देव जाणे.

दसरा झाला. दिवाळी तोंडावर आली. घराघरातून चकल्यांचा वास सुटला आणि मी बोटांवर दिवस मोजायला लागले, कारण दिवाळीपर्यंत नाही जमलं तर पुढं इंजेक्शनं, असं ठरलेलं होतं. आणि नेमकी तेव्हाच ती आली नाही. मी म्हटलं, झालं, गाडं परत पहिल्या जागी. एवढं चालून, एवढं सोडून, शेवटी शेपूट ते शेपूट. सकाळी उठले, भांडी आपटली, एक पातेलं चेपवलं. मग पट्टी घेऊन मोरीत गेले, फक्त सवय म्हणून.

एक रेघ आली. मग दुसरी. आधी पुसट, मग स्वच्छ.

मी पट्टी हलवली, उन्हात धरली, उलटी केली. दोनच. मॅडमना फोन लावला, त्या म्हणाल्या, "उद्या ये, रक्त तपासू, आणि तोपर्यंत शांत राहा." शांत! यांना फोन लावला, तर लागेना. आत्या बाजाराला इंदापूरला गेलेल्या. घरात मी आणि कोंबडी. कोंबडीला सांगितलं. तिनं काही मनावर घेतलं नाही.

आबा रानात होते. त्या दिवशी खरंच पाणी आलं होतं, पहाटेच, दिवाळीच्या आधीचं शेवटचं. आबा उसात दारं धरत होते, गुडघ्यापर्यंत धोतर वर, खोरं हातात, आणि पलीकडं बांधावर महिपती बसलेला, आबांचं झालं की त्याचं म्हणून. मी तिथवर चालत गेले. चालत म्हणजे जवळजवळ उडत, यांच्या बुटात. आणि समोर आल्यावर माझ्या तोंडातून दुसरा शब्द निघालाच नाही.

"आबा! पाळी चुकली!"

महिपती ताडकन उठला. "कुणाची? माझी? मी तर हितंच हाय!"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. पायाला पाणी खळाळत होतं. "चुकली कशी?" ते म्हणाले. "पाणी तर हाय की..."

आणि तिथंच थांबले. तोंड उघडं राहिलं. माझ्या हातातली ती पट्टी त्यांना काय कळणार होती, पण माझं तोंड त्यांनी वाचलं असावं, कारण मी एकाच वेळी हसत आणि रडत होते.

"तुझी?" आबा अगदी हळू म्हणाले.

मी मान हलवली.

त्यांच्या हातातलं खोरं सुटलं. खाली पाण्यात पडलं. तेवढ्यात वाफ्यात पाणी तुंबलं, फुगलं, बांधाच्या कडेला लागलं आणि माती ढासळली. इतक्या वर्षांत थेंब न गेलेला तो बांध फुटला आणि पाणी सरळ महिपतीच्या उसात शिरायला लागलं. महिपतीच ओरडला, "आबा, पाणी! आबा, तुमचं पाणी चाललंय!"

"जाऊ दे," आबा म्हणाले. "घे तू. आज तुझंच."

महिपती खाली बसला. त्याचा स्वतःवर विश्वास बसेना. आबा चिखलातून माझ्याकडं यायला लागले आणि मग मीच त्यांच्याकडं निघाले, तर ते एकदम ओरडले, "थांब थांब! तितंच थांब! बांध निसरडा हाय!"

ते आले, मला हात दिला, कोरड्या वाटेला नेलं. तिथं मला सोडून चार पावलं पुढं गेले, मग धोतराचा सोगा धरून पळायला लागले. वस्तीकडं. भरली पाळी अर्ध्यात टाकून, जन्मात पहिल्यांदा. आणि तोंडानं, महिनोन्‌महिने न उच्चारलेला तो शब्द, आख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा:

"चुकली रंऽऽ! आमच्या छकुलीची पाळी चुकलीऽऽ!"

मी वस्तीजवळ आले तोवर धोंडाबाई तिच्या दारात आली, हातात लाटणं होतंच. मी तिच्याकडं बघितलं. या वेळी तिनं काही विचारलं नाही. मागं महिपतीच्या उसात आमचं पाणी चाललं होतं, आणि मी सावकाश, एकेक पाऊल जपून, घराकडं निघाले.